गिरणी गेली, चाळ सुटली. धम्म कोठे ठेवला?





आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत हलली आहेत. आजोबा कोकणातून किंवा देशावरून मुंबईला आले, परळ, लालबाग, वरळी, नायगाव येथल्या चाळीत राहिले, गिरणीत लागले. वडील त्याच खोलीत वाढले. पुढे गिरणी बंद पडली, खोली विकली गेली आणि बिऱ्हाड कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरार अशा ठिकाणी गेले. नवी इमारत, नवा शेजार. आणि त्या नव्या घरात सामान लावता लावता पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न उभा राहतो. भगवान बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर कोठे लावायची? दारातून दिसेल अशी समोरच्या भिंतीवर, की आतल्या खोलीत?

हा प्रश्न भिंतीचा वाटतो, पण तो शीलाचा आहे. तुमची दीक्षा कालपरवाची असो, की तुमच्या घराने ती १९५६ साली घेतलेली असो, या प्रश्नाला तोंड द्यावेच लागते. माणसाने जागा बदलली म्हणजे त्याची सुटका झाली काय? आणि नव्या जागी आपण कोण हे लपवले, तर तो दोष होतो काय? या लेखात आपण या प्रश्नाचा शांतपणे विचार करू.

गाव का सोडले?

काही लोक म्हणतात, तुमच्या माणसांनी गाव सोडले ते पोटासाठी. हे अर्धेच खरे आहे. पोट कुणब्यालाही होते आणि तोही मुंबईला आला. परंतु कुणबी येताना आपली जमीन, आपले देऊळ, आपला पाणवठा गावात ठेवून आला. पेरणी-कापणीला रजा टाकून तो परत जाई आणि गाव त्याला आपला म्हणे. आपल्या माणसाने गावात काय ठेवले होते? गावकुसाबाहेरचे घर, वतनाची चिमूटभर जमीन, आणि त्या जमिनीच्या बदल्यात साऱ्या गावाची वेठ. सांगावा पोहोचवायचा, मेलेले ढोर ओढायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे. आणि मोबदल्याचे बलुते दारोदार हात पसरून मागायचे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ही वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. मधली तीस वर्षे वेठ चालूच होती.

म्हणून बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे कधी गायले नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी स्पष्ट सांगितले की खेडे हे अज्ञानाचे आणि संकुचित वृत्तीचे घर आहे, आणि नव्या राज्यघटनेने खेड्याऐवजी व्यक्तीला घटक मानले याचा आपल्याला आनंद वाटतो. ज्याला गावाने कधी व्यक्ती मानलेच नाही, त्याच्या पोटातून आलेले हे विचार होते.

गाव सोडणाऱ्याला कोणी पळपुटा म्हणेल तर त्याला सिद्धार्थाची गोष्ट सांगा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण वेगळे दिले आहे. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र रातोरात निघून गेला, ही कथा त्यांना पटली नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटा झाला. शाक्य संघाने युद्ध करण्याचे ठरवले आणि सिद्धार्थाने विरोध केला. त्यातून येणारे संकट आपल्या कुटुंबावर येऊ नये म्हणून त्याने आपणहून देशत्याग पत्करला. अन्यायाला होकार देण्यापेक्षा घर सोडणे त्याने श्रेयस्कर मानले. तेव्हा घर सोडणे हे लाजेचे काम नव्हे. पण हेही ध्यानात घ्या की घर सोडताच सिद्धार्थ बुद्ध झाला नाही. त्यानंतर त्याला सहा वर्षे झटावे लागले. जागा सोडणे ही सुरुवात असते.

गिरणीने काय दिले, काय दिले नाही?

मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला १८५६ साली सुरू झाली. पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. गिरणीने आपल्या माणसाला रोख पगार दिला. भोंगा झाला की आत आणि भोंगा झाला की बाहेर. त्यानंतरचा वेळ त्याचा स्वतःचा. मध्यरात्री दारावर काठी आपटून वेठीला बोलावणारा पाटील तेथे नव्हता. ही लहान गोष्ट नव्हती.

परंतु कोकणच्या बोटीतून माणसे आली तशी जातही आली. तिला तिकीट पडले नाही. गिरणीत सर्वांत चांगला पगार विणकामाच्या म्हणजे साचेखात्यात असे. त्या खात्याचे दार आपल्या माणसाला बंद होते. कारण काय सांगत? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही आमच्या तोंडाला कसा लावावा, असे बाकीचे कामगार म्हणत. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या सूतखात्यात राहिली. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व कामगार एक आहेत असे तुम्ही म्हणता, मग साचेखाते सर्वांना खुले का नाही, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. मालकाविरुद्ध एकत्र लढणारी माणसेही एका सुताच्या टोकाशी येऊन थबकत होती.

राहण्याचेही तसेच. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची. त्यातही आपल्या चाळी वेगळ्या आणि त्यांच्या वेगळ्या ओळखल्या जात. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींतून दंगल उसळली आणि त्या दिवसांत भागवत जाधव हा दलित पँथरचा तरुण मारला गेला. शहराने जात पुसली असे ज्यांना वाटत होते, त्यांना ते उत्तर मिळाले.

तरीही त्या चाळींनी आपल्याला एक गोष्ट दिली. तेथे आपण एकत्र होतो. स्वतः बाबासाहेब परळच्या पोयबावडीत बी. आय. टी. चाळीत अनेक वर्षे राहिले. चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत सभा होई, जलसा होई, एका खोलीत वाचनालय चाले. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या चितेजवळ भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अफाट समुदायाला दीक्षा दिली. त्या समुदायात गिरण्यांतले, गोदीतले, रेल्वेतले कामगार आपली बायकामुले घेऊन उभे होते. दुःखाच्या त्या दिवशी ते दीक्षेला उभे राहू शकले, कारण एका हाकेच्या अंतरावर शेकडो घरे होती.

मग ती घरे पांगली

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विझत गेला. मालकांनी आधीच आपले कापड भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर विणून घ्यायला सुरुवात केली होती, कारण तेथे मजुरी कमी आणि कायद्याचा काच सैल. जुन्या यंत्रांत पैसा घालण्यापेक्षा गिरणीखालच्या जमिनीत अधिक पैसा आहे, हेही त्यांच्या ध्यानात येऊ लागले होते. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे वाटे ठरवले. एक वाटा मोकळ्या मैदानांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, उरलेला मालकाकडे. २००१ साली नियम बदलला आणि बांधकामाखालची जमीन वाटणीतून वगळली. साहजिकच लोकांच्या वाट्याला फार थोडे उरले. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. पुढे काहींना घरे मिळाली ती पनवेलजवळ कोनला.

घराघरांत काय घडले ते तुम्हाला ठाऊक आहे. बापाची नोकरी गेली. आईने खानावळीचे डबे केले किंवा दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी धरली. मुलगा शाळा सोडून कुरिअरच्या पिशव्या वाहू लागला, नाहीतर जेथे बाप साचा झाडत होता त्याच जागेवरच्या नव्या इमारतीच्या फाटकाशी वॉचमन म्हणून उभा राहिला. पागडीची खोली विकली, पैसे भावाभावांत वाटले, आणि प्रत्येकाच्या वाट्याच्या पैशात जेवढ्या दूर घर बसले तेवढ्या दूर तो गेला. पूर्वी एका मजल्यावर राहणारे चार भाऊ आता चार स्टेशनांना उतरतात.

हे नशीब आहे काय?

अशा वेळी दोन वाक्ये कानी पडतात. पहिले वाक्य असे की, आपले नशीब, गेल्या जन्मीचे भोग. दीक्षा घेतलेल्या घरात हे वाक्य उच्चारले जाऊ नये. गरिबाच्या गरिबीचे कारण गेल्या जन्मात टाकले की या जन्मातल्या राज्यकर्त्यांची आणि समाजाची जबाबदारी संपते, आणि तेवढ्यासाठीच ही कल्पना उपयोगी पडते, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. गिरणीचे दार कोणी बंद केले, नियम कोणी बदलला, हे सारे याच जन्मात आणि कागदोपत्री घडले आहे.

दुसरे वाक्य अधिक फसवे आहे, कारण ते आपल्याच धम्मातून उचललेले असते. सारे अनित्य आहे, गिरणीही अनित्यच, मग दुःख कशाला? खरे आहे, सारे अनित्य आहे. पण मग मालकाचा नफाही अनित्य, जमिनीवरचा हक्कही अनित्य. अनित्यतेचा धडा एकट्या कामगारालाच का शिकवायचा? तथागतांनी अनित्यता सांगितली ती माणसाने आसक्ती सोडावी म्हणून. दुसऱ्याचा घास काढून घेणाऱ्याला पांघरूण मिळावे म्हणून नव्हे.

तथागतांचे या बाबतीतले म्हणणे स्वच्छ आहे. कूटदन्त सुत्तात यज्ञ करू पाहणाऱ्या राजाला सल्ला मिळतो की, राज्यातला उपद्रव शिक्षेने थांबणार नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे. चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात राजा रक्षण करतो पण निर्धनांना धन देत नाही, आणि त्यातूनच दारिद्र्य, चोरी, शस्त्र, हत्या, असत्य अशी साखळी वाढत जाते. सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये मोजून दिली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा कायदा आहे. म्हणून आपल्या हक्काच्या घरासाठी मोर्चात जाणारा गिरणी कामगार धम्माबाहेर जात नाही.

बडोद्याचे अकरा दिवस

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एक कुटुंब दूरच्या उपनगरात भाड्याने घर पाहते. घरमालक नाव विचारतो, आडनाव विचारतो, गाव विचारतो, आणि शेवटी “तुमच्यात काय चालतं?” असे विचारतो. तो काय विचारतो आहे हे दोघांनाही कळते. नवरा-बायको एकमेकांकडे पाहतात. मुलांची शाळा दोन आठवड्यांत सुरू होणार आहे. आडनाव असे की कोणाचेही असू शकते. ते गप्प राहतात आणि घर मिळते. त्यांनी पाप केले काय?

उत्तर देण्याची घाई करू नका. आधी १९१७ सालच्या बडोद्याला चला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. त्या मोठ्या रिकाम्या इमारतीत ते रात्री एकटे वाचत बसत. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन आली आणि तू कोण, हे नाव कसे घेतलेस, असे विचारू लागली. बाबासाहेब निरुत्तर उभे राहिले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून पाहिले. तेथेही आसरा मिळाला नाही. शेवटी रात्रीच्या गाडीची वाट पाहत कामाठी बागेत ते बसून राहिले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

ती का लिहून ठेवली? विचार करा. आपण खोटे नाव लिहिले ही गोष्ट ते लपवू शकले असते. त्यांनी ती जगाला सांगितली. यातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की, डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसाला तोंड बंद ठेवायला लावणारी समाजरचना ही पहिली गुन्हेगार आहे. घर मिळेपर्यंत गप्प राहिलेल्या त्या नवरा-बायकोला आपण दगड मारू नये. दुसरी ही की, लपवलेल्या नावाखाली मिळालेली जागा कधीच आपली होत नाही. त्या अकरा दिवसांत बाबासाहेबांना शांत झोप लाभली नसेल. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची. बाबासाहेबांनी त्या लपवण्याची सवय होऊ दिली नाही. नाव बदलून, ओळख पुसून एका मोठ्या अधिकाऱ्याचे सुखी आयुष्य जगणे त्यांच्या विद्वत्तेला अवघड नव्हते. ते परत आले ते आपल्या माणसांत आणि आपल्या नावानिशी.

म्हणून माझे म्हणणे असे. अडचणीत गप्प राहणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे. खोटे बोलणेही एक वेळ भीतीने घडते. पण ते मुलांना शिकवणे हे वेगळे. घरात बसल्यावर “शेजारी विचारलं तर आपण अमुक आहोत असं सांग हं” असे आठ वर्षांच्या मुलीला सांगितले, तर आपण तिला दोन गोष्टी एकदम शिकवल्या. खोटे बोलण्यास हरकत नाही ही एक, आणि आपण जे आहोत ते लाजेचे आहे ही दुसरी. पहिलीने चौथे शील मोडते. दुसरीने दीक्षाच मोडते. कारण बाबासाहेबांनी दीक्षा दिली ती आपल्या मनातला कमीपणा जाळण्यासाठी. गावाहून आलेल्या आजीला “जयभीम मोठ्यानं म्हणू नकोस” असे ज्या घरात सांगितले जाते, ते घर गावकुसाच्या आत आले असेल, पण गावकूस त्या घराच्या आत आले आहे.

आणि एक कसोटी

लपवण्याहून मोठा एक दोष आहे, तो सांगितल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. आपल्या नव्या इमारतीच्या पायथ्याशी नव्या झोपड्या उभ्या राहतात. कोणी मराठवाड्यातून दुष्काळाने आलेला असतो, कोणी उत्तर प्रदेशातून, बिहारमधून. त्यांच्यात मातंग असतो, चांभार असतो, मुसलमान असतो. सोसायटीच्या सभेत ठराव येतो की अमक्यांना घरे भाड्याने देऊ नयेत. तेव्हा आपला हात वर जातो काय? हात वर गेला तर समजा की साचेखात्याचे दार बंद करणाऱ्यांच्या रांगेत आपण जाऊन उभे राहिलो. ज्याचा आजोबा बोचके घेऊन भाऊच्या धक्क्यावर उतरला, त्याने दुसऱ्याच्या बोचक्याकडे तुच्छतेने पाहू नये. माणूस जन्माने नीच ठरत नाही, कर्माने ठरतो, ही तथागतांची शिकवण आपण आपल्यापुरतीच राखून ठेवली, तर ती शिकवण राहत नाही.

मग करायचे काय?

दीघजाणु नावाच्या एका संसारी माणसाने तथागतांना विचारले होते की, आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे, आम्हाला उपयोगी पडेल असे सांगा. तथागतांनी त्याला या जन्मातल्या हिताच्या चार गोष्टी सांगितल्या. उद्योगात कुशल व्हावे, मिळवलेले जपावे, चांगल्या माणसांची संगत धरावी, आणि आवक पाहून खर्च करावा. नोकरी गेलेल्या, कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबाला याहून व्यवहारी उपदेश कोणता? खोली विकून आलेला पैसा लग्नाच्या मांडवात घालण्याआधी मुलाच्या शिक्षणाचा विचार करा.

तिसऱ्या गोष्टीवर, संगतीवर, विशेष भर द्या. वज्जी लोक जोवर वारंवार एकत्र जमतील, एकीने जमतील आणि एकीने उठतील, तोवर त्यांची हानी होणार नाही, असे तथागत म्हणाले होते. चाळीत आपल्याला जमावे लागत नव्हते. दार उघडले की आपण जमलेलेच असायचो. आता जमावे लागेल. रेल्वेच्या एका स्टेशनाच्या परिसरात पाच घरे तरी निश्चित सापडतील. महिन्यातून एका रविवारी एका घरी जमा. त्रिशरण-पंचशील म्हणा, बावीस प्रतिज्ञा मुलांकडून वाचून घ्या, ग्रंथातले एक पान वाचा, चहा घ्या आणि उठा. विहार बांधायला वर्गणी लागते; विहार सुरू करायला एक सतरंजी पुरते.

आणि ती तसबीर? ती दारासमोरच्या भिंतीवर लावा. आज धीर होत नसेल तर आतल्या खोलीत लावा, पण ती खिळ्यावर असू द्या, ट्रंकेत नको. मुलांना सांगा की हे कोण आहेत, आणि आपण परळहून येथे का आलो. ज्या दिवशी मुलगीच म्हणेल, “आई, ही बाहेर का लावत नाही?”, त्या दिवशी तिच्याच हाती हातोडी द्या.

गाव सुटले, गिरणी सुटली, चाळ सुटली. पुढेही काही सुटेल. ते अनित्यच आहे. प्रत्येक वेळी बिऱ्हाड बांधताना एवढे पाहा की, भांड्याकुंड्यांबरोबर शील बरोबर घेतले आहे काय आणि शेजारच्या पाच घरांचे पत्ते बरोबर घेतले आहेत काय.

नमो बुद्धाय. जयभीम.